सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा : चार महिने उभी राहणारी गाडी आणि बॅटरी चार्जर

सी २०१ : नमस्कार मंडळी. आम्ही दोघं १२ नोव्हेंबरला लेकीकडे सिएटलला निघतोय, तिच्या बाळंतपणासाठी. परत यायला मार्चचा मध्य उजाडेल. गाडी बेसमेंटमध्येच राहणार. मागच्या खेपेला दोन महिन्यांनी आलो तर रिमोटसुद्धा लागेना, बॅटरी पार बसली होती. शेवटी नवीच घ्यावी लागली. या वेळी चांगला चार्जर घेऊन तो लावूनच जावं म्हणतेय. कोणता घ्यावा?

ए ६०४ : काकू, चार्जर कशाला? वॉचमनकडे चावी देऊन ठेवा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करेल. आम्ही तसंच करतो.

डी १०२ : चौकातला गॅरेजवाला चार्जर भाड्याने देतो. मोठा आहे, रात्रीत बॅटरी फुल करतो.

बी ३०३ : वहिनी, अजून काही घेतलं नसेल तर थांबा. मी २६ वर्षं वर्कशॉपच्या बॅटरी सेक्शनला काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाच मिनिटांचं बघू. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट ओढतच असतात. तो ३० मिलीअँपिअर धरा. दिवसाला पाऊण एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या साठ्याचं माप) गेले, आठवड्याला पाच. पाच मिनिटं इंजिन नुसतं आयडलवर ठेवून त्यातले जेमतेम दीड-दोन परत येतात. म्हणजे बॅटरी उतरायची ती उतरतेच, फक्त कळायला उशीर होतो. शिवाय इंजिन नीट गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. वॉचमनची खुर्ची तिथेच असते, हेही लक्षात घ्या. गाडी सुरू करायचीच असेल तर बाहेर काढून अर्धा तास चालवून आणायला हवी.

वहिनी, तुमची बॅटरी ३५ एएचची असणार, लेबलवर बघून घ्या. वरच्या हिशोबाने महिन्याला २१-२२ एएच जातात. महिना भरायच्या आतच ती अर्ध्याच्या खाली येते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि घट्ट बसतं. मग कितीही चार्ज केलं तरी पूर्वीची ताकद येत नाही. मागच्या वेळी तुमचं तेच झालं असणार.

डी १०२ : आणि गॅरेजचा चार्जर का नको, काका?

बी ३०३ : तो जुन्या पद्धतीचा असतो, आत ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाकी काही नाही. बॅटरी भरली म्हणून तो थांबत नाही. असा चार्जर १६ व्होल्टच्या वर गेलेला मी स्वतः मीटरवर पाहिलाय. साधारण १४.४ च्या पुढे बॅटरीतलं पाणी फुटायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. आपण त्याला 'बॅटरी उकळली' म्हणतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने पेट घेतो. गॅरेजवाला शेजारी उभा असतो म्हणून त्याचं निभतं. तुम्ही तो लावून वर झोपायला जाणार.

एक प्रसंग डोळ्यांसमोरचा सांगतो. वर्कशॉपमधल्या आमच्यातल्या एकाने मेन स्विच चालू असतानाच चार्जरचा चिमटा बॅटरीवरून ओढून काढला. बारीकशी ठिणगी, आणि बंदुकीसारखा आवाज. बॅटरीचं वरचं झाकण तुकडे होऊन छताला लागलं. त्याच्या चष्म्याच्या काचेवर ॲसिडचे थेंब ओघळत होते. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. वीस मिनिटं आम्ही त्याचं तोंड नळाखाली धरलं होतं. तेव्हापासून घरच्या गाडीलासुद्धा मी मेन बंद असल्याशिवाय चिमट्याला हात लावत नाही.

सी २०१ : बाप रे. मग चार्जरच नको का?

बी ३०३ : घ्या, पण योग्य तो घ्या, आणि लावून परदेशी जाऊ नका. चांगला चार्जरसुद्धा मी कोणी नसताना चार महिने प्लगला ठेवणार नाही. लाइट जाते-येते, बेसमेंटमध्ये उंदीर आहेत, पाऊस आला की रॅम्पवरून पाणी उतरतं.

तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. निघायच्या आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग तिचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. दहाचा पाना लागतो, दोन मिनिटांचं काम. मग गाडी काहीच ओढणार नाही. बॅटरी आपोआप उतरते ती महिन्याला चार-पाच टक्के, उन्हात उभी असेल तर जास्त. दोन महिन्यांनी आपल्यापैकी कोणीतरी दिवसा, स्वतः हजर राहून, एकदा चार्ज करायची. झालं.

टर्मिनल काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून दार चावीने उघडतं ना ते आधी तपासा. बोनेटचा खटका आत असतो. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, काचा एका दाबात वर-खाली जाण्याचं सेटिंग पुन्हा शिकवावं लागेल.

बी ६०२ : काका, माझी गाडी महिन्यातून दोनदाच निघते, पण मी घरीच असतो. मला कोणता? गाडी स्टार्ट-स्टॉपवाली आहे, सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं.

बी ३०३ : तुमच्यासाठी स्मार्ट चार्जर योग्य. खोक्यावर १२ व्होल्ट लेड-ॲसिड लिहिलेलं हवं, आणि बॅटरी भरल्यावर तो १३.५ च्या आसपास उतरून नुसता राखण करणारा हवा. त्याला फ्लोट किंवा मेंटेनन्स म्हणतात. चिमटे उलटे लागले तर करंट सोडायचा नाही, ही सोयही बघा. अँपिअर बॅटरीच्या दहाव्या हिस्स्याइतके : ३५ ला साडेतीन-चार, ६० ला पाच-सहा. बॉश, सीटेक यांचे या मापाचे येतात. बाइकचा एक अँपिअरवालासुद्धा राखणीला चालतो, फक्त उतरलेली बॅटरी भरायला दीड दिवस घेईल.

स्टार्ट-स्टॉप गाडीत बॅटरी बहुधा ईएफबी किंवा एजीएम असते, म्हणजे सारख्या बंद-चालूसाठी बनवलेली; लेबल वाचा. एजीएम असेल तर चार्जरवर तोच मोड लावा. लिथियमचा मोड चुकूनही नको. रिकंडिशनचा मोडही गाडीला जोडलेल्या बॅटरीवर नको, त्यात व्होल्टेज पंधराच्या वर जातं आणि गाडीतले कॉम्प्युटर त्यासाठी नसतात. अशा बऱ्याच गाड्यांत निगेटिव्हच्या खांबावर छोटा सेन्सर असतो. म्हणून काळा चिमटा त्या खांबाला न लावता बॉडीच्या उघड्या धातूला लावा, म्हणजे किती चार्ज गेला ते गाडीला कळेल.

डी १०२ : जोडायचा क्रम एकदा लिहाल का? कोणीही विसरेल.

बी ३०३ : मेन बंद. लाल चिमटा प्लसला. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या धातूला. मग मेन चालू. काढताना आधी मेन बंद, मग काळा, मग लाल. वहिनींच्या गाडीत निगेटिव्ह काढलेलं असेल तेव्हा मात्र काळा चिमटा थेट बॅटरीच्या मायनसला लावावा लागेल, बॉडीला लावून चार्ज होणार नाही. बोनेट उघडं ठेवा, वर वाकून बघू नका, बिडी-सिगारेट जवळ नको. बॅटरी फुगलेली असेल, तडा असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग तिथेच थांबवा. ती बॅटरी बदलायची.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने पुसा, मग व्हॅसलिन. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर टाका. आधी भरलं तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी टाका.

सचिव : चर्चा चांगली चाललीय, पण बेसमेंटचा प्लग कॉमन मीटरवर आहे. आणि रस्त्यावरून आडवी वायर कोणी टाकू नये, लहान मुलं सायकली चालवतात.

बी ३०३ : अगदी बरोबर. खांबाजवळच्या जागेवरच गाडी लावायची आणि आयएसआयची तीन पिनची वायर थेट वापरायची, साखळीसारखे बोर्ड जोडायचे नाहीत. त्या प्लगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, तिथे ओल असते. बिलाचं म्हणाल तर राखणीला दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट होतात. ते पैसे ज्याने त्याने भरावेत, कोणाची ना नसेल.

ए ६०४ : फास्टॅगमुळे बॅटरी उतरते का?

बी ३०३ : नाही. त्याला गाडीची वीज लागतच नाही, टोलच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो. डॅशकॅम मात्र पार्किंग मोडवर असेल तर एक-दोन दिवसांत बॅटरी बसवू शकतो. बाहेरून बसवलेला ट्रॅकर असेल तर तोही तपासा.

डी ४०१ : आमची इलेक्ट्रिक आहे, आम्हाला हे लागू नाही ना?

बी ३०३ : लागू आहे, ताई. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही. बऱ्याच गाड्या मोठीतून छोटी भरून घेतात, पण तुमची घेते का ते कंपनीच्या पुस्तकात वाचा. मोठी बॅटरी साधारण निम्मी ठेवून जा.

सी २०१ : काका, सगळं लिहून घेतलं. चार अँपिअरचा स्मार्ट चार्जर मागवला आहे. चावी कोणाकडे देऊ?

ए ६०४ : काकू, माझ्याकडे द्या. जानेवारीत मी करीन.

*११ नोव्हेंबर*

सी २०१ : काकांच्या समोर चार्ज केली. आज सकाळी मीटरवर १२.७. निगेटिव्ह काढून वर कापड गुंडाळलंय. दहाचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

*१० जानेवारी, रविवार*

ए ६०४ : काकू, आज सकाळी १२.५ होती. लाल प्लसला, काळा मायनसला, मग स्विच. बोनेट उघडं आहे, मी इथेच खुर्ची टाकून बसलोय.

ए ६०४ : हिरवा दिवा लागला. मीटर १३.४ दाखवतोय. काका, बरोबर ना?

बी ३०३ : ते चार्जरचं व्होल्टेज आहे. मेन बंद कर, चिमटे काढ, आणि बॅटरी रात्रभर तशीच राहू दे. खरा आकडा उद्या सकाळी.

ए ६०४ : सोमवार, सकाळी ७. १२.६८.

सी २०१ : इकडे अजून रविवारची संध्याकाळ आहे, वाटच बघत होते. नात झाली, दोघी सुखरूप आहेत.