कोविड काळातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची व्यक्तिचित्रं मोबाइलच्या फोटोवरून कशी करावीत?

कुंचला_सांगली
आमच्या मंडळानं कोविडमध्ये तालुक्यात राबलेल्या आशाताई, सिस्टर, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक आणि सफाई कामगार अशा २४ जणांची व्यक्तिचित्रं करायचं ठरवलंय. महिनाभर ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात लावू, मग ज्याचं चित्र त्याच्या घरी जाईल. समोर बसायला कुणालाच सवड नाही, म्हणून सगळं फोटोवरून. बरेच फोटो २०२०-२१ मधले, पीपीई किटमधले आहेत. दोघं आता हयात नाहीत. आकार ए-३. माध्यम कोणतं घ्यावं? किट दाखवावं की चेहरा? फोटो कसे मागवावेत?

रेषा_छाया
एप्रिल २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या टॉम क्रॉफ्ट या चित्रकारानं इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, की ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतला (एनएचएस) जो कर्मचारी पहिला संपर्क करेल त्याचं चित्र मोफत करून देईन. इतर चित्रकारांनाही त्यानं तसंच करायला सांगितलं आणि शेकडो जण पुढे आले. त्यातली एक गोष्ट जरूर घ्या: एक चित्रकार, एक कर्मचारी, अशी थेट जोडी. चित्रकारानं स्वतः फोन करावा आणि किटमध्ये दिसायचंय की साडीत, हे त्यांनाच विचारावं. समितीनं परस्पर ठरवलं तर चोवीस पांढरे किट तयार होतील आणि घरच्यांना आपलं माणूस ओळखू येणार नाही.

जे हयात आहेत त्यांचे फोटो नव्यानं काढून घ्या. सेल्फी नको. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि चित्रात ते जसंच्या तसं उतरतं. दुसऱ्या कुणीतरी दीड-दोन मीटरवर उभं राहून २एक्स झूमवर काढावा. खिडकीपासून तीन-चार फुटांवर बसवा, चेहरा खिडकीकडे थोडा वळलेला, खोलीतली ट्यूबलाइट बंद. तिचा प्रकाश मिसळला की सावलीतल्या त्वचेचा रंग हिरवट येतो. ब्यूटी फिल्टर बंद करायला आवर्जून सांगा, कारण तो डोळ्यांखालच्या रेषाच पुसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर सावल्यांतला तपशील जातो. जुना सेल्फीच वापरावा लागला तर तो आरशासारखा उलटा नाही ना, ते पाहा. पदर उजव्या खांद्यावर किंवा बिल्ल्यावरची अक्षरं उलटी दिसली की समजा.

रंगसाठा
तैलरंग या कामाला नकोत. जाड थर वाळून अंतिम वॉर्निश द्यायला सहा महिने थांबावं लागतं. सॉफ्ट पेस्टलची भुकटी वाहतुकीत काचेवर उतरते. अ‍ॅक्रिलिक किंवा जलरंग घ्या. जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शक्यतो शंभर टक्के कॉटन कागद. ए-३ वर हनुवटी ते टाळू १५-१६ सेंटिमीटर ठेवा. खरं डोकं २२-२३ सेंटिमीटरचं असतं. त्याच्या जवळ गेलात तर खांदे आणि हात मावत नाहीत, आणि या माणसांच्या चित्रात हात हवेतच.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला सावलीत काळा रंग घालू नका, चेहरा मातकट होतो. बर्न्ट सिएना (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून सावली करा, उजेडात यलो ऑकर (पिवळसर). अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा लाल टाळा, व्हरांड्यातल्या उजेडात तो उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन, ट्यूबवर पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला.

फ्रेमला मागे एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड) लावू नका. पावसाळ्यात फुगतो आणि कागदावर बुरशी येते. मागे पन्हळी प्लास्टिकचा पत्रा, चित्र आणि काच यांमध्ये आम्लरहित माउंट (पुठ्ठ्याची चौकट), फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी टेकू, म्हणजे भिंतीशी हवा खेळते. काचेऐवजी दोन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक शीट घेतलं तर पोचवताना फुटायची धास्ती नाही.

वॉर्ड_सिस्टर
किट दाखवणार असाल तर ते नीट दाखवा, कारण बघणारे रोज तेच घालणारे आहेत. एन-९५ ला दोन पट्टे असतात, एक टाळूवरून, एक कानांखालून मानेवर. साध्या तीन पदरी मास्कची निळी बाजू बाहेर, घड्या खालच्या दिशेला. कव्हरऑलच्या (अंगभर किटच्या) शिवणींवर सीलिंग टेप असते, झिपवर झाकण असतं. ग्लोव्हज बाहीवर चढवलेले, मनगटाची त्वचा उघडी नाही. किटवर स्टेथोस्कोप आणि डोक्यावर पांढरी टोपी हे पोस्टरमधलं आहे, कोविड वॉर्डातलं नाही.

पांढरं किट कागदावर निम्म्याहून अधिक करडं-निळसरच असतं. शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि हूडच्या कडेला. फेस शील्डला बाह्यरेषा काढू नका, प्रकाशाची एक-दोन झळक पुरेशी. गॉगल आतून वाफेनं धुरकट होतो, तिथे डोळ्यांच्या कडा मऊ ठेवा. मास्क काढल्यावरचे वळ नाकाच्या मुळावर आणि गालांवर असतात, पण ते अगदी पातळ रंगातच हवेत. गडद केले की जखमा वाटतात.

आशाताई किटमध्ये नव्हत्याच बहुधा. १५ सप्टेंबर २०२० पासूनच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्या आणि इतर स्वयंसेवक घरोघर फिरले. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर आणि नोंदवही. तेच दाखवा. ऑक्सिमीटरवर आकडा लिहिणार असाल तर ९५ ते १०० मधला लिहा, ७२ लिहिलात तर रुग्ण अत्यवस्थ आहे असा अर्थ होतो.

कुंचला_सांगली
फार उपयोगाचं आहे हे. जे दोघं गेले त्यांचे मात्र फक्त पासपोर्ट आकाराचे आणि एका लग्नातले गटफोटो आहेत. आणि वॉर्डातल्या एका सिस्टरनं विचारलंय, की किटवर लावायचं छोटं चित्र मिळेल का?

रेषा_छाया
फ्लॅशच्या पासपोर्ट फोटोत सावलीच नसते, म्हणून चित्र सपाट येतं. त्याच कोनात घरातल्या भावाला किंवा मुलाला खिडकीशी बसवून फोटो काढा. सावली कुठे पडते ते त्यावरून घ्या. डोळे, ओठ, जबडा यांची मापं मूळ फोटोवरूनच, चौकटी आखून. रेखाटन झालं की रंगाआधी घरच्यांना दाखवा. भुवया आणि हसण्याची ढब यांत फरक असेल तर ते लगेच सांगतात आणि पेन्सिल खोडता येते. हार, दिवा, ढग काही घालू नका. बाकीच्या बावीस जणांच्या ओळीतच, त्यांच्यासारखीच दोघांना जागा द्या.

वॉर्ड_सिस्टर
किटवरच्या चित्राची कल्पना लॉस एंजेलिसच्या मेरी बेथ हेफरनन यांची. २०१४-१५ च्या इबोला साथीत लायबेरियात कर्मचाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्याचे स्टिकर त्यांनी किटवर लावले, म्हणजे आत कोण आहे ते रुग्णाला दिसावं. कोविडमध्ये अमेरिकेत ते पुन्हा वापरलं गेलं. त्याला फोटोच घ्या, पाच-सहा फुटांवरूनही चेहरा ओळखता आला पाहिजे. पोस्टकार्डाएवढा मॅट स्टिकर, लेझर प्रिंट, कारण साध्या इंकजेटची शाई सॅनिटायझरनं ओघळते. किट पूर्ण चढवल्यावर छातीवर लावा, झिपचं झाकण आणि शिवण टाळून. किटबरोबरच टाकायचा, काढून जपायचा नाही. म्हणून प्रत्येकाचे एकदम पन्नासेक छापून ठेवा. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण सिस्टरना आधी दाखवून घ्या.

रंगसाठा
कागदपत्रांचं राहिलं. प्रत्येकाकडून लेखी संमती घ्या, आणि त्यात व्हरांड्यातलं प्रदर्शन, समाजमाध्यमं आणि छापील वापर यांना वेगवेगळ्या खुणा असू द्या. कुणाला घरी चित्र हवं असतं, फेसबुकवर नको असतं. जुन्या फोटोत मागे रुग्ण किंवा केसपेपर असेल तर तो भाग चित्रात घेऊ नका. दुसऱ्यानं काढलेल्या फोटोला त्याचीही परवानगी लागते. आणि चित्र मोफत दिलं तरी कॉपीराइट आपोआप त्या कर्मचाऱ्यांकडे जात नाही. तो द्यायचा असेल तर सहीनिशी लिहून द्या, म्हणजे उद्या त्यांच्या मुलांना कॅलेंडर छापायचं असलं तर तुम्हाला शोधत यावं लागणार नाही.

फ्रेमच्या मागे पूर्ण नाव, हुद्दा, कामाचं ठिकाण, वर्षं आणि वापरलेले रंग पेन्सिलीनं लिहा. समोरच्या पट्टीवर 'कोविड योद्धा' छापण्याऐवजी नाव मोठ्या अक्षरात आणि खाली 'सफाई कामगार, ग्रामीण रुग्णालय' असं नेमकं काम असावं.