मदत हवी आहे : ब्रेक दाबला की थरथर, दोष ड्रमचा की हबचा?

गाडी जुनी आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसवलेला डब्यासारखा ड्रम चाकासोबत फिरतो, ब्रेक दाबला की आतून लायनर त्याला घासतात). ताशी ६०-७० च्या वेगात हलका ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं आणि सीटखालून थरथर जाणवते. स्टिअरिंग मात्र स्थिर. ब्रेक न दाबता गाडी लोण्यासारखी पळते, त्यामुळे व्हील बॅलन्सिंगचा प्रश्न नसावा (तरी करून घेतलं, फरक शून्य).

मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूच ओढून पाहिला. तीच थरथर! हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणजे दोष मागच्या ड्रममध्येच, असं मी धरून चाललोय. मागचे लायनर नवे टाकले, धूळ साफ केली, अ‍ॅडजस्टमेंट केली. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारे) गळत नाहीत, बेअरिंगला हाताला तरी खेळ लागत नाही. चाकाचे नट सैल करून आडव्या-तिरक्या क्रमाने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) पुन्हा आवळले. थोडा फरक पडला, पण दोन दिवसच.

अडचण अशी की ड्रम एकदा लेथवर कातून झालेत, आतला व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ आहे. पुन्हा कातायला वाव नाही, नवे सहज मिळत नाहीत.

डायल गेज (फिरणाऱ्या भागाचा बारीक हेलकावा मोजणारं साधन) आहे. ड्रम लंबगोल झालाय की हबच वाकडा आहे, हे नक्की कसं ओळखायचं? ड्रम हबवर अर्धा फेरा फिरवून बसवून पुन्हा माप घेतलं तर पुरेल का?