केऑटिक पोकळीतली लाट: पेटीचा आकार खरंच विसरायचा?

सरळरेषा:
एक मत मांडतो, हवं तर झोडपून काढा. धातूची पेटी घ्या, भिंती अशा वाकड्या की आतला किरण केऑटिक भटकतो, म्हणजे सुरुवातीचा जरासा फरकही झपाट्यानं वाढून त्याची वाट पार बदलते. दोन भोकं ठेवून एकातून मायक्रोवेव्ह सोडल्या. दुसऱ्यातून किती बाहेर पडतील? इथे लोक खऱ्या स्कॅटरिंग मॅट्रिक्सच्या (कुठून आत गेलेली लाट कुठून किती बाहेर येते, याचा तक्ता) जागी सरळ रँडम मॅट्रिक्स, म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा तक्ता, बसवतात. आकार गेला खड्ड्यात! मी याला उत्तर म्हणत नाही, हे हात वर करणं झालं.

उलटाकाळ:
साफ असहमत. हात वर करून 1/3 हा आकडा हाती लागतो का? दोन्ही भोकांत एकेकच चॅनेल (लाट आत-बाहेर जायची एकच रीत), शोषण शून्य धरा. अर्धी लाट इकडे, अर्धी तिकडे असं कुणीही म्हणेल. पण सरासरीनं 1/3 च पलीकडे जाते, 2/3 आल्या दारानं परतते. कारण परतणारी वाट उलटीही चालता येते. दोन्हींची लांबी तीच, त्यामुळे लाटा जुळून येतात आणि परतण्याची शक्यता दुसऱ्या दाराच्या दुप्पट होते. आत चुंबकित फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) ठेवून ही उलटसुलट सममिती मोडा, मग बरोबर अर्धं-अर्धं. यातला फरक भौतिकशास्त्रज्ञ डायसनने 1962 मध्ये रँडम मॅट्रिक्सची सममितीनुसार केलेली वर्गवारी आहे, तिच्यातूनच निघतो, भिंतींचं वळण कुठेच लागत नाही.

सोल्डर:
कागदावर छान. प्रत्यक्षात भिंती लाट खातात, फेराइट तर जास्तच. शिवाय एका भोकातल्या अँटेनाकडून दुसऱ्याकडे थेट जाणारी लाट आत घोळतच नाही. ती हिशेबात धरल्याशिवाय तुमचा 1/3 दिसायचा नाही. तोही सरासरीतच हं, एकेका फ्रिक्वेन्सीला शून्यापासून एकपर्यंत काहीही येतं.

सरळरेषा:
थेट लाट म्हणजे आकारच आला की मागच्या दारानं! 1/3 चं मान्य, ते मला सुचलं नसतं. पण तरंगलांबी खूप लहान केली तर लाट एरेनफेस्ट काळापर्यंत (ती पसरून किरणापेक्षा वेगळी वागू लागेपर्यंतचा वेळ) किरणासारखीच वागते. त्याआधीच ती बाहेर पडली तर तुमची रँडम मॅट्रिक्स काय करणार?

उलटाकाळ:
तो काळ लॉगॅरिदमनं वाढतो हो. तरंगलांबी दहापट कमी केली तरी जेमतेम भर पडते. तिथवर पोहोचून दाखवा, मग बोलू.

सोल्डर:
भोकं मोठी करा की, आतला मुक्कामच घटेल. फक्त थेट जाणाऱ्या लाटाही वाढतील, आणि त्या हिशेबातून वजा करणं पुन्हा माझ्याच गळ्यात.