हाडातलं कोलॅजेन ‘जतन’ होतं का?

टिपूर: जुन्या हाडांच्या कार्बन डेटिंगवरचा लेख मराठीत आणतेय. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनातल्या कार्बनवरून वय काढतात, तर ‘जतन झालेलं कोलॅजेन’ लिहिलं की नवरा म्हणतो, जतन कुणीतरी करावं लागतं, लोणचं टिकतं, त्याचं जतन होत नाही. आता प्रत्येक वाक्य खटकतंय. काय लिहू?

बोरूबहाद्दर: नवऱ्याचं बरोबर. यत्नावरूनच जतन आलाय, मातीने कुठे यत्न केलाय? ‘टिकलेलं’ लिहा.

खापरी: पण टिकलं की नाही एवढाच प्रश्न नसतो ना, किती टिकलं ते बघतात. ताज्या हाडात वजनाच्या साधारण २० टक्के कोलॅजेन, लॅबवाले निदान १ टक्का तरी उरलंय का बघतात, त्याखाली गेलं की तारखेचा भरवसा नाही. ५० हजार वर्षांच्या हाडात १ टक्का आजचा कार्बन शिरला तरी वय ३५-३६ हजार दिसतं! क्रोएशियातल्या विंदिया गुहेतली निअँडर्थल (नामशेष झालेल्या मानवांची) हाडं आधी २८-२९ हजारांची म्हणत होते, २०१७ मध्ये कोलॅजेनमधलं एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) वेगळं काढून मोजलं तर ४० हजारांच्या वर गेली. म्हणून मी ‘शिल्लक कोलॅजेन’ म्हणेन.

बोरूबहाद्दर: शिल्लक अरबी. आणि कोलॅजेन तरी कशाला, ‘श्लेषजन’ म्हणा.

खापरी: श्लेष म्हटलं की मला दहावीचा अलंकारांचा प्रश्न आठवतो, बाकी काही नाही.

माजघर: कोलॅजेनमधला ‘कोल्ला’ ग्रीक, म्हणजे सरस. मग सरळ सरसच म्हणा की. आमचे आजोबा सुतार, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून सरस वितळवायचे, घरभर असा वास की आजी जेवायला वाढायची नाही. लॅबमध्येही तेच, आम्लात हाडाचा चुना विरघळवायचा, उरलेलं गरम पाण्यात ठेवून जिलेटिन करायचं.

खापरी: अहो आणि गंमत म्हणजे जुन्या म्युझियमांत ठिसूळ हाडांना सरसच फासायचे, तोही कोलॅजेनच, मग हाडाचं कुठलं नि डब्यातलं कुठलं हे वेगळं काढताना नाकी नऊ येतात.

टिपूर: म्हणजे ते हाड खरंच जतन केलेलं, आणि त्यानेच घोळ!! माझ्या वाक्याचं काय पण? उद्या द्यायचंय.

बोरूबहाद्दर: सरस म्हणजे स + रस, रसयुक्त. शुद्ध संस्कृत.

माजघर: काहीतरीच काय दादा, तो सरस वेगळा. हा फारशी सरेश. आजोबांच्या डब्यात रस नव्हता, खूर होते.