वोटिक: जगवायची की कोशात जपून मोकळं व्हायचं?

रानपाखरू:
सेंट पीटर्सबर्गच्या पश्चिमेला लुगा नदीच्या मुखाशी लुझित्सी गाव आहे. तिथल्या वोट लोकांची वोटिक भाषा ही फिनिश-एस्टोनियनची चुलत बहीण. १८४८ च्या मोजणीत वोट ५,१४८ भरले, २०१० च्या जनगणनेत ६४. आता पुनरुज्जीवनाचा हट्ट सोडावा, असं माझं मत. एस्टोनियात सात खंडांचा कोश झालाय, व्याकरणं आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत. गावच्या उत्सवात चार गाणी म्हटल्याने भाषा जगत नाही. घरात कुणी तिच्यात भांडतं का, ते सांगा.

कोपरखळी:
वय झालं नि गेली, अशा थाटात लिहिलंय! १९४३ मध्ये जर्मन ताब्यातल्या त्या पट्ट्यातून वोट आणि त्यांचे भाषेने जवळचे शेजारी, इझोरियन आणि इंग्रियन फिन, यांना फिनलंडला नेलं. युद्धविरामानंतर बहुतेक जण सोव्हिएत हद्दीत परतले, पण त्यांना आपल्या गावी न सोडता लांब लांब पांगवलं. शेजारी वोटिक बोलणारा नाही, पोरांची शाळा रशियन. भांडायचं कुणाशी?

रानपाखरू:
अन्याय मान्य. पण त्याने आज बोलणारे कुठून येणार?

तळटीप:
जगवायची म्हणता, पण कुठली? पूर्वेकडची बोली विसाव्या शतकातच संपली. पश्चिमेकडची लुझित्सी आणि क्राकोल्ये या गावांच्या आसपास टिकली. कुक्कुझी गावच्या बोलीवर तर अभ्यासकांचंच एकमत नाही: उच्चार आणि शब्द बरेचसे शेजारच्या इझोरियनचे, खालचा थर वोटिकचा. म्हणून काही जण तिला वोटिक मानतच नाहीत. (कोकणी-मराठी वाद ज्यांनी झेललाय, त्यांना हसू येईल.) ओळखायची एक खूण सांगतो. इ, ए अशा जीभ पुढे आणून उच्चारायच्या स्वरांआधीच्या 'क'चा वोटिकमध्ये 'च' होतो. 'भाषा' फिनिशमध्ये 'किएली', वोटिकमध्ये 'चेएली'. चहातला च, चमच्यातला नव्हे.

कोपरखळी:
आणि लाटवियातले वोट, म्हणजे क्रेविन, विसरलात! पंधराव्या शतकात जर्मन सरदारांनी वोट कैदी पकडून लाटवियात बाउस्काला नेले, किल्ला बांधायला. शाळा नाही, पुस्तक नाही, भोवती सगळे लाटवियन. तरी त्यांची बोली एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. चारशे वर्षं! का? एकत्र राहिले म्हणून.

रानपाखरू:
हा तर माझाच मुद्दा झाला. एकत्र राहणारी वस्तीच उरली नाही, तर वर्ग भरवून काय होणार? लुझित्सीशेजारी आता उस्त-लुगाचं अवाढव्य बंदर आहे. तरुण माणूस तिथे रशियनच बोलणार.

शेवंता:
तुम्ही ज्या व्याकरणांचा दाखला देताय, त्यातलं एक क्राकोल्येच्याच द्मित्री त्स्वेत्कोवने लिहिलंय, १९२० च्या दशकात. गावचा माणूस, मातृभाषा वोटिक. तेव्हा कुणी त्याला 'सोड बाबा हट्ट' म्हटलं असतं, तर आज कोशाचं कौतुक करायला तुमच्याकडे एवढं तरी असतं का?

रानपाखरू:
त्याने नोंदच केली ना? मीही तेच म्हणतोय.

शेवंता:
त्याने ज्यांची नोंद केली, ते घरात भांडत होते.