सिटी कॉलेजचे १९५० चे दुहेरी विजेतेपद नोंदीत राहावे का?

गुणफलक:
न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने मार्च १९५० मध्ये जे करून दाखवले, ते त्याआधी कोणी केले नव्हते आणि नंतरही कोणाला जमले नाही. अमेरिकेत त्या काळी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा होत असत. १९३८ पासूनची एनआयटी ही निमंत्रितांची स्पर्धा, आणि त्यानंतर वर्षभराने सुरू झालेली एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची स्पर्धा. आज दुसरीचाच बोलबाला असला, तरी तेव्हा पहिलीचा मान अधिक होता. प्रशिक्षक नॅट होल्मन यांच्या बिनमानांकित संघाने एनआयटीत केंटकीला ८९-५० असे लोळवले, अंतिम सामन्यात देशातल्या अव्वल क्रमांकाच्या ब्रॅडलीला ६९-६१ ने हरवले आणि दहा दिवसांनी, २८ मार्चला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या त्याच क्रीडागृहात, त्याच ब्रॅडलीला ७१-६८ ने नमवून एनसीएएचा करंडकही उचलला. पाच प्रमुख खेळाडूंपैकी दोन कृष्णवर्णीय आणि तीन ज्यू होते, समोरचा केंटकीचा संघ संपूर्ण गोरा होता. हे ध्यानात घेतले की त्या ३९ गुणांच्या फरकाचे वजन कळते.

पुढच्या वर्षी निकालनिश्चितीचे प्रकरण उघडकीस आले आणि तेव्हापासून या विजेतेपदाचा उल्लेख 'पण' जोडूनच केला जातो. माझ्या मते तो 'पण' अन्यायाचा आहे.

सडेतोड:
तो 'पण' कशामुळे आला, हे आपण एका वाक्यात उरकले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १८ फेब्रुवारी १९५१ रोजी फिलाडेल्फियातला सामना जिंकून परतलेल्या संघातील एड वॉर्नर, एड रोमन आणि अल रॉथ यांना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर अटक झाली. पाठोपाठ आणखी नावे आली. विजेत्या पाचातला एकही त्यातून सुटला नाही.

या मुलांनी नेमके काय विकले, हेही सांगायला हवे. बुकी केवळ हारजितीवर नव्हे, तर गुणांच्या फरकावर पैसे लावून घेत. एखादा संघ आठ गुणांनी जिंकेल असा अंदाज असेल, तर त्या संघाने पाचच गुणांनी जिंकावे यासाठी खेळाडूंच्या हातावर नोटा ठेवल्या जात. एखादा पास मुद्दाम उशिरा द्यायचा, बचावात अर्धे पाऊल मागे राहायचे, आणि तरीही जिंकायचे! प्रेक्षकांना पत्ता लागत नसे, आणि म्हणूनच ही फसवणूक इतकी वर्षे खपली. अशा संघाचे नाव एनसीएएच्या विजेत्यांच्या यादीत आजही आहे. उलट लुइव्हिल विद्यापीठाचे २०१३ चे विजेतेपद २०१८ मध्ये काढून घेतले गेले, आणि तेही मैदानाबाहेरच्या भानगडींसाठी. हा कोणता न्याय?

गुणफलक:
लुइव्हिलचा दाखला मार्मिक आहे, पण तो माझ्या बाजूनेही वाचता येतो: तिथेही मैदानावरचा खेळ खोटा नव्हता. सिटीच्या खेळाडूंवरचे आरोप हंगामातल्या साध्या सामन्यांबद्दलचे होते. या दोन स्पर्धांमधल्या सात सामन्यांपैकी एकाबद्दलही काही सिद्ध झालेले नाही. शिवाय आपणच सांगितलेले गणित लावून पाहा. गुण कापायचे म्हणजे अपेक्षेपेक्षा वाईट खेळायचे. ज्याच्याकडून विजयाचीच अपेक्षा नाही, तो संघ ३९ गुणांनी जिंकत असेल, तर त्याच्या विरुद्ध पैसे लावणारा बुडालाच की! आणि खरे सांगायचे तर राष्ट्रीय विजेतेपद समोर दिसत असताना कोण सामना विकेल?

सडेतोड:
केंटकीने विकला होता. त्याच गार्डनमध्ये, त्याच एनआयटीत, एकच वर्ष आधी. मार्च १९४९ मध्ये शिकागोच्या लॉयोलाने केंटकीला हरवले, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटे घातली होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये केंटकीच्या अ‍ॅलेक्स ग्रोझा, राल्फ बियर्ड आणि डेल बार्नस्टेबल यांना त्याच सामन्यावरून अटक झाली आणि त्यांनी पैसे घेतल्याचे कबूल केले. त्यामुळे मोठ्या स्पर्धेत कोणी असे करत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

आता २८ मार्चचे शेवटचे क्षण पाहू. ब्रॅडलीने पिछाडी एका गुणावर आणली आहे, ६९-६८. त्यांचा बुटका, चपळ जीन मेल्किओर चेंडू घेऊन थेट बास्केटखाली घुसतो. सिटीचा अर्विन डॅम्ब्रॉट त्याचा फटका अडवतो, चेंडू ताब्यात घेतो आणि पुढे धावलेल्या नॉर्म मॅगरकडे लांब फेकतो. मॅगरच्या कपाळाला त्याच सामन्यात टाके पडलेले आहेत. तो एकटाच बास्केटपाशी पोहोचतो, ७१-६८. फाउल द्यायला हवा होता, अशी ब्रॅडलीची तक्रार कायम राहिली. या एका चालीतली तिन्ही नावे पुढच्या वर्षी चौकशीच्या कागदांवर आली, मेल्किओरचेही. हा सामना विकला गेला असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण 'अपेक्षेपेक्षा वाईट खेळणे' हे गणित ज्याच्या विजयाची अपेक्षा असते त्या संघाला लागू होते, आणि त्या रात्री तो संघ ब्रॅडली होता.

हडसनकाठ:
मी रोज १३७ व्या रस्त्यावरच्या सिटी कॉलेजच्या स्थानकावरून जातो, म्हणून राहवले नाही. हे कॉलेज तेव्हा फी घेत नसे. प्रवेशाला गुण मात्र भरपूर लागत, आणि स्थलांतरितांच्या हुशार मुलांना शिक्षणाचा तोच एक रस्ता होता. संयोजक नेड आयरिश यांनी १९३४ पासून गार्डनमध्ये एका तिकिटात दोन महाविद्यालयीन सामने भरवायला सुरुवात केली. तिथे हजारोंची गर्दी होई, गल्ल्यातला वाटा महाविद्यालयांना मिळे, प्रशिक्षकांचे नाव होई. ज्यांना पाहायला लोक येत, त्या मुलांना काय मिळे? गार्डनच्या जिन्यांवर उघड सट्टा चालत असताना संयोजकांना काहीच दिसत नव्हते काय? हार्लेमच्या वॉर्नरला तुरुंगवास झाला, होल्मन निलंबित होऊन काही वर्षांत परत आले, आणि गार्डन चालूच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कडुलिंब:
संन्यासी? पैसे घेणाऱ्याला संन्यासी म्हणायचे असेल, तर जूनियस केलॉगला काय म्हणाल? मॅनहॅटन कॉलेजच्या या खेळाडूला जानेवारी १९५१ मध्ये हजार डॉलर देऊ केले गेले. तोही गरीब, तोही कृष्णवर्णीय. तो सरळ प्रशिक्षकाकडे गेला आणि तिथूनच सगळे प्रकरण फुटले. गरिबीने मोह समजतो, हे मान्य. पण केलॉगच्या शेजारी उभे केले की ही सबब लुळी पडते. क्रिकेटमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या वेळीही आपल्याकडे अशाच कारणांची यादी वाचायला मिळाली होती.

हडसनकाठ:
सबब देत नाही. हिशेब पूर्ण मांडा, एवढेच म्हणतो. न्यायाधीश सॉल स्ट्रीट यांनी मुलांना शिक्षा सुनावतानाच महाविद्यालयांनाही फैलावर घेतले होते. आणि सिटी कॉलेजने पुढे, १९७४ मध्ये, प्रशिक्षकपद कोणाला दिले? त्याच पाचातल्या फ्लॉइड लेनला.

सडेतोड:
लेनची नेमणूक मला आवडते, पण तिचा या प्रश्नाशी संबंध नाही. कॉलेजने माणसाला परत घेतले. त्यामुळे मार्च १९५० चा निकाल अधिक खरा ठरत नाही.

गुणफलक:
लॉयोलाच्या सामन्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मोठ्या स्पर्धेत कोणी विकणार नाही, हे वाक्य मी मागे घेतो. ब्रॅडलीबद्दलची शंकाही पूर्ण फेडता येणार नाही, हेही मानतो. तरीही विजेतेपद पुसा म्हणणाऱ्यांना विचारतो की त्या जागी कोणाचे नाव लिहाल? उपविजेत्या ब्रॅडलीचे तर लिहिता येत नाही. गतविजेत्या केंटकीचे खेळाडू १९४९ मध्येच विकले गेले होते, तरी त्यांचे त्या वर्षीचे एनसीएए विजेतेपद कोणी काढलेले नाही. तेव्हा आधी तिथून सुरुवात करा, मग सिटीकडे या.

सडेतोड:
रकाना कोरा ठेवा. लुइव्हिलचा तसाच ठेवला आहे. केंटकीचाही ठेवायला माझी हरकत नाही.