शोकातल्या बायकांसाठी चित्रांचा गट: साहित्य कोणतं घ्यावं?

अबोली_फोंडा
फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात जुलैपासून आठवड्याला दीड तासाचा गट सुरू करायचा आहे. आठजणी, सगळ्यांचं जवळचं माणूस गेलेलं. बहुतेकींनी शाळेनंतर ब्रश धरलेला नाही. जलरंग घ्यावेत की खडू? घरचे फोटो मागवावेत का?

खडूपेटी
जलरंगाने सुरुवात नको. ओला रंग मनाला येईल तसा पसरतो, आणि जीव थाऱ्यावर नसताना ते सोसत नाही. कात्री-गोंद, पेन्सिल, ऑइल पेस्टल (मेणकट खडू) ताब्यात राहतात. पहिल्या दोन बैठका कोलाज, म्हणजे कापलेले तुकडे चिकटवून केलेलं चित्र, मग पेस्टल. जलरंग पाचव्या बैठकीपासून, तेही जिला हवेत तिलाच. त्यासाठी ३०० जीएसएमचा जाड कागद लागेल; पातळ कागद आपल्या पावसात आधीच दमट असतो, पाणी लागलं की फुगतो. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

मूळ फोटो कापायला कधीच देऊ नका. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा, एक बिघडली तर दुसरी. इंकजेटची प्रत नको, ओल्या गोंदाने शाई पसरते.

काव_चुना
आपल्या देवळांतली कावी माहीत असेलच: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, तो खरवडला की खालचं पांढरं दिसतं. शोकाच्या कामाला ही रीत फार जुळते, कारण चित्र काढता येत नाही ही भीतीच उरत नाही. खरा चुना वापरू नका, हात भाजतो. जाड कार्डावर पांढरं ऑइल पेस्टल दाबून घासा, कुठेही कागद दिसता कामा नये. वर पोस्टर रंग, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. साबण नसेल तर रंग मेणावर धरत नाही, थेंब थेंब होऊन सुटतो. थर जाड झाला तर खरवडताना पापुद्रे निघतात. जुलैत वाळायला वेळ लागतो, म्हणून कार्डं आदल्या दिवशीच तयार करून पंख्याखाली ठेवा. खरवडायला विणकामाची सुई.

अबोली_फोंडा
यात दोघी-तिघी विधवा आहेत. तांबडा रंग चालेल?

काव_चुना
तुम्ही ठरवू नका. तांबडा, काळा, निळा अशी कार्डं मांडा आणि जिला जे हवं ते उचलू दे. कुंकवाचा रंग कुणाला नकोसा वाटेल, कुणाला तोच हवा असेल.

सांजवात
रडू येणारच. हातातलं काम काढून घेऊ नका, पाणी जवळ ठेवा, गप्प बसा. ‘छान काढलंय’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती तुमच्यासाठी काढील. ‘हे काय आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘याबद्दल सांगावंसं वाटतं का?’ म्हणा, आणि नाही म्हटलं तर तिथेच थांबा. शेवटची वीस मिनिटं चित्र बाजूला. हात धुणं, चहा, इकडचं तिकडचं बोलणं. रडवेल्या अवस्थेत कुणालाही थेट बसस्टॉपवर पाठवू नका. वर्षश्राद्ध किंवा वर्षाची मीस (चर्चमधली प्रार्थना) कधी आहे ते आधी विचारून घ्या, त्या आठवड्यात गैरहजेरी मोकळेपणाने चालू द्या.

कुणी स्वतःच्या मरणाच्या गोष्टी काढल्या, किंवा सहा महिने उलटूनही जेवण-झोप-कामधंदा अडलेलाच असेल, तर चित्रं पुरणार नाहीत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पहिल्याच दिवशी सगळ्यांना लिहून द्या. आणि चित्रं ज्यांची त्यांची. वाचनालयाने प्रदर्शनाचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा.